सासू माहेरी गेली

गाडी पाण्याबाहेर आली तेव्हा खिडकीतून आधी पाणी सांडलं, मग चिखल, आणि शेवटी बोटभर लांबीचा एक मासा. क्रेनवाल्यानं तो उचलून परत पाण्यात फेकला.

ज्योत्सना काठावर उभी राहून बघत होती. गाडी तिच्या वडिलांची. जुनी पांढरी हॅचबॅक. गावात तिला बगळा म्हणत, कारण उभी असली की डुलक्या घेत असल्यासारखी दिसे आणि निघाली की नजर वळेपर्यंत गेलेली असे. वडिलांनी, म्हणजे लिलाधर निखाडे यांनी, ती पुनर्वसनाच्या गावातल्या आपल्या टिनाच्या शेडमध्ये तयार केली होती. आणि तिच्याच आत, स्टिअरिंगवर डोकं टेकलेले, ते पाण्याखाली सापडले होते. त्यांना त्याच दिवशी बाहेर काढलं. गाडी मात्र पाणी उतरेपर्यंत तिथंच राहिली.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे जुने डांबरी रस्ते अजून जागेवर आहेत. सरळ चालत येतात आणि पाण्यात शिरतात. हा त्यातलाच एक. एके काळी तो ज्योत्सनाच्या आजीच्या माहेराला जायचा. आता त्यावर रहदारी नाही, म्हणून बाबा इथं गाड्यांची चाचणी घेत. पाण्याच्या जरा अलीकडे रस्ता रुंद होतो. तिथं ते गाडी वळवत. त्यापुढं थोडा उतार आणि मग पाणी.

"गिअर बघता का, साहेब?" ज्योत्सना म्हणाली.

उपनिरीक्षक आसाराम लांजेवार खिडकीतून वाकले. "न्यूट्रल."

"तुम्ही केला का?" तिनं क्रेनवाल्याला विचारलं.

"मी कायले करू? मी त मागून साखळी लावली."

"बुडताना हात लागला असेल," आसाराम म्हणाले. त्यांचा आवाज सौम्य होता, पण त्यात काम संपवण्याची घाई होती. "ताई, मी समजू शकतो. पण साक्षीदार आहे. वेगानं गेली, पाण्यात पडली. उद्या मी अहवाल पाठवतो."

अहवालात काय असणार ते तिला ठाऊक होतं. मृताच्या स्वतःच्या चुकीनं, स्वतःच बनवलेल्या वाहनात.

आणि ते एकदा कागदावर आलं की आंबागडचा गोलूही बाबांच्याच खात्यावर पडणार होता. गोलूची गाडी बाबांनीच तयार केली होती. किल्ल्याखालच्या चढावर तिचं इंजिन फुटलं, आग लागली, आणि पोरगा बाहेर निघू शकला नाही. बाबांच्या तेराव्याला त्याची आई शकुनबाई अंगणात येऊन उभी राहिली होती. "माह्या पोराले ज्या मशिनीनं खाल्लं, तिनंच त्याले खाल्लं," एवढं बोलली आणि पाणीही न पिता गेली. ज्योत्सनाला त्यावर बोलता आलं नव्हतं. बोलायला काही हातात नव्हतं.

तिनं बॉनेट उघडायला लावलं. इंजिनच्या एका अंगाला डायनामोचा पट्टा होता, शेवाळ लागलेला पण जागेवर. दुसऱ्या अंगाची मोठी पुली उघडी होती. तिच्यावर पट्टाच नव्हता.

"तुटून वाहून गेला असेल," आसाराम म्हणाले.

एक राहिला आणि दुसरा गेला.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन गोपीचंदकाका आले. भंडाऱ्यात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. बाबांना लागणारे बाहेरदेशीचे भाग तेच मागवून देत. साक्षीदारही तेच. त्यांनी सगळ्यांना कप दिले, गाडीकडे पाहिलं आणि रुमालानं डोळे टिपले.

"काका, तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"तथी, कॅनॉलच्या पुलावर. कोंढ्याले माल देऊन येत होतो, पोरी. पाह्यतो त बगळा खाली उभा. मनात म्हटलं, हात दाखवू. तेवढ्यात त्यानं रेस दिली. तो आवाज तुले माहीत हाये, घूं करते तो, पीठगिरणीवानी. अन् गाडी जागेवरूनच उडाली. वळलीच नाई. सरळ पाण्यात."

"जागेवरून?"

"जागेवरून. त्या गाडीची त खुबीच ते होय. मी बोंबलत धावलो, पण मी पोचेपर्यंत वर बुडबुडेच होते."

"त्या दिवशी बाबांशी बोलणं झालं होतं?"

"कुठं झालं. किती दिवसांत फोनच नाई. झाला असता त म्हटलं असतं, एकटा नको जाऊ." त्यांनी मान हलवली. "अडवणारं तरी कोण होतं घरी? तू नागपूरले. म्हातारी माहेरी गेली. शेडातल्या त्या राजकुमारशी भांडण झालेलं."

'तू नागपूरले' हे दोन शब्द ज्योत्सनाच्या अशा ठिकाणी लागले की पुढचं तिनं नीट ऐकलंच नाही.

काका गेल्यावर आसाराम म्हणाले, "तुमच्या आजींकडं चौकशी केली होती मी. ताप चढला होता त्यांना. कोणीतरी आला, नवरा शोधत होता, नवरा धानाच्या ढोलीत आहे, असं काहीतरी. मग मी त्रास दिला नाही."

आजोबांना जाऊन किती वर्षं झाली होती. ज्योत्सनानं मान डोलावली आणि घराकडे निघाली.

*

सुलोचनाबाई म्हणजे बाबांच्या सासूबाई. लेक गेल्यावर त्या जावयाकडेच राहिल्या. लोकांनी नावं ठेवली. जावयानं एकदाच उत्तर दिलं होतं, "माह्या घरी सासू हाये म्हणून घर हाये." त्यानंतर कोणी बोललं नाही.

आजी खाटेवर बसून होती. ताप उतरला होता, नजर मात्र कुठंतरी लांब होती. तिच्या खोलीच्या दाराबाहेर एक खिळा होता आणि खिळ्यावर काळा, आतून उभ्या रेघांचा रबरी पट्टा लटकत होता. कोणी पाहुण्यानं टॉवेल टाकायला तो काढायचं म्हटलं तर आजी अंगावर जाई.

"आजी, हा पट्टा इथं काहून?"

"माहा कंबरपट्टा होय तो."

ज्योत्सनाला हसू आलं. बाबांची जुनी थट्टा. कितीतरी वर्षांत तिनं ती ऐकली नव्हती.

इंजिनला जास्त हवा पाजली की ते जास्त जोर देतं. पाजायचे दोन मार्ग. सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय टेकवला की लगेच हजर, पण इंजिनचाच जोर खातो. टर्बो धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. खर्च नाही, पण इंजिन वेगात आल्याशिवाय तो जागा होत नाही. बाबांनी बगळ्यात दोन्ही बसवले होते आणि शेडमध्ये येणाऱ्याला ते असं समजावून सांगत:

"हे सासू. पहाटेच उठते, कामाले लागते, पण बोंबलते गजब अन् घरचंच खाते. हे सून. उष्ट्यावर जगते, उशिरा उठते, पण उठली की घर डोक्यावर घेते. दोघी एका घरात नांदवाच्या त मधात एक झडप लागते. तो नवरा. सून उठली की त्यानं तोंड उघडून सासूले गुपचूप बाजूले कराचं. नवरा मुका निघाला त घर जळते."

आजी हे दारातून ऐकत असे आणि म्हणे, "जवाईबापू, सासू बोंबलते म्हणता, पण ओढते कोण?"

आणि सुपरचार्जरचा पट्टा कधी काढला की बाबा तो शेडमध्ये न ठेवता तिच्या दाराशी आणून टांगत. "सासूबाई, तुमचा कंबरपट्टा सांभाळा."

ज्योत्सनानं खिळ्यावरचा पट्टा हातात घेतला. कोरडा, स्वच्छ, कुठंही तुटलेला नाही.

"आजी, हा कधी टांगला त्यांनी?"

"त्याच सकाळी. गेले त्याच्या आधी."

बगळ्याची उघडी पुली तिनं नुकतीच पाहिली होती.

"आणि त्या साहेबांना तू सांगितलं, कोणीतरी आलं होतं म्हणून?"

"आला ना. मी अंथरुणात होती. शेडात डबे पाडून राहिला होता. मी हाक मारली, जवाईबापू होय का? त चूप झाला अन् गेला. मग बऱ्याच वेळानं बाहेर कल्ला झाला, लिलाधर बुडाला म्हणून."

"कल्ला मग झाला? आधी नाही?"

"मी तापात होती, पोरी. बहिरी नोती झाली."

*

मासे धरणाऱ्या बायाबाईचा डोंगा सकाळच्या वेळी त्याच काठाला लागतो. ज्योत्सना गेली तेव्हा ती जाळ्यातून एकेक मासा सोडवत होती.

"तुमच्याकडं पोलीस आले होते का, मावशी?"

"माह्याकडं कोण येते? गोपीचंदशेठनं सांगतलं, साहेबानं लिवलं. मासोळ्या मारणारीले कोण पुसते."

"मी पुसते. त्या दिवशी तुम्ही होता का इथं?"

"वळणापलीकडं होती. तथून रस्ता नाई दिसत." तिनं जाळं झटकलं. "तुहा बाप माहा दुश्मन होता बरं. त्याची ते गाडी ओरडली की मासोळ्या पार तळाले जात. मी त्याले शिव्या दिल्या त म्हणे, बायाबाई, सासू होय ते, माह्याच्यानं चूप नाई होत."

"त्या दिवशी ओरडली?"

"तेच त. नाई ओरडली. मी म्हटलं, आज दया आली बाप्पाले माही."

"मग तुम्ही ऐकलं काय?"

"धप्प. मोठ्ठं. मले वाटलं काठ ढासळला. पाणी उतरलं की ढासळते तो असाच. मी जाळं टाकत राह्यली."

"आणि गोपीचंदकाकांची हाक?"

"ते कुठं तेव्हा. जाळं टाकून झालं, मी डोंगा बांधला, भाकर सोडली. जेवण आटपत होती तेव्हा शेठ बोंबलला." तिनं हातातला मासा टोपलीत टाकला आणि वर पाहिलं. "तुले काय वाटते, मी तेव्हाच जायले पाह्यजे होतं?"

प्रश्न खरा होता. ज्योत्सनानं त्याचं उत्तर देण्याआधी पाण्याकडे पाहिलं.

"काठ ढासळतोच, मावशी. कोणालाही तसंच वाटलं असतं."

*

"मग खून म्हणा," तिचं सगळं ऐकून आसाराम म्हणाले. ठाण्यातला पंखा खडखडत होता. "पण खून असेल तर माझ्यासमोर एकच माणूस आहे. राजकुमार. आदल्या दिवशी त्यानं तुमच्या वडिलांशी भांडण केलं, गावानं ऐकलं. शेडची माहिती त्यालाच. उद्या आणतो त्याला."

"उद्या आणा. आज मला बोलू द्या."

राजकुमार शेडमध्येच होता. बाबांच्या हाताखाली तयार झालेला, शर्यतीत बगळा चालवणारा माणूस. पाना पुसून जागेवर ठेवत होता. काम नसतानाही.

"दादा, भांडण काहून झालं?"

"नागपूरले शर्यत होती. मी म्हटलं, बगळा नेतो. मालक म्हणे, नाई. मी म्हटलं, आंबागडपासून तुम्ही भेले. हेच लागलं त्यायले." त्यानं पाना पुन्हा उचलला. "मी असं बोलाचं नोतं. पण त्यायनं कारण नाई सांगतलं. एवढंच म्हणे, नवऱ्यावर भरोसा नाई राह्यला, पक्कं झालं की सांगतो."

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"घरी. बायकोलेच पुसा, दिवसभर तोंड फुगवून बसलो होतो म्हणून तिनंही शिव्या दिल्या."

"त्या सकाळी बाबांनी सासूचा पट्टा काढला होता. माहीत होतं?"

राजकुमारचा हात थांबला. "काढला? मग मालक गाडी घेऊन गेलेच कशे? जोरच नाई राहत तिच्यात. चालते, पण म्हशीवानी."

"जागेवरून उडाली म्हणतात."

"कोण म्हणते? सासूशिवाय? सून जागी होईपर्यंत त पाणी येऊन जाते, ताई. तेवढ्या जागेत ते उडूच शकत नाई. घरंगळली म्हणा, मानतो."

"पट्टा काढला की ते तुम्हाला सांगत का?"

"सांगत ना. दारातूनच ओरडत, 'सासू माहेरी गेली.' म्हणजे आज बगळ्याले कोणी पळवू नका."

ज्योत्सना शेडच्या दारात खाली बसली. राजकुमारला वाटलं तिला चक्कर आली. तो पाणी आणायला धावला.

तिला चक्कर आली नव्हती. काठावर गोपीचंदकाका जे बोलले आणि तिनं जे अर्धवट ऐकलं, ते आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम राजकुमारला न्यायला आले ते अंगणातच थांबले. ज्योत्सनानं फोन करून गोपीचंदकाकांनाही बोलावून घेतलं होतं, साहेबांना एकदा जबाब वाचून घ्यायचाय म्हणून. काका खुर्चीवर बसले. राजकुमार भिंतीला टेकून उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काका, एकदा पुन्हा सांगा. आवाज आला होता?"

"आला ना. घूं करून."

"आणि गाडी जागेवरून उडाली."

"कितीदा सांगू, पोरी?"

"बाबांशी त्या दिवशी बोलणं नाही."

"नाई."

"आणि आजी घरी नव्हती."

"नोती. माहेरी गेली होती ना."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"गावातच ऐकलं."

"गावात कोणाकडून?"

"आता कोण होतं ते… इथलंच कोणी."

खोलीच्या दारात हालचाल झाली. आजी चौकट धरून उभी होती. ताप जाऊन उरलेलं एवढंसं शरीर, पण आवाज पहिलाच.

"माह्या माहेरी मासे नांदते, बापू," ती म्हणाली. "घर, विहीर, देऊळ, सारं पाण्याखाली गेलं. मी कशी जाऊ? या गावात एकही माणूस असं म्हणणार नाई. या गावातल्या अर्ध्या बायांचं माहेर तथीच हाये."

आसाराम टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. ते सरळ झाले.

ज्योत्सनानं खिळ्यावरचा पट्टा उतरवला आणि काकांच्या समोर धरला.

"हा बगळ्याच्या सुपरचार्जरचा पट्टा. बाबांनी त्या सकाळी काढून इथं टांगला. म्हणजे त्या दिवशी ती गाडी घूं करणंच शक्य नव्हतं, काका, आणि जागेवरून उडणंही. बायाबाई पाण्यावर होती. तिनं तो आवाज ऐकला नाही. तुम्हीही ऐकला नव्हता. बगळा असाच निघतो हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, म्हणून तुम्ही तसं सांगितलं. आणि या शेडमध्ये सुपरचार्जरला कोणी सुपरचार्जर म्हणत नाही. सासू म्हणतात. पट्टा काढला की बाबा म्हणत, सासू माहेरी गेली."

गोपीचंदकाकांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग आजीकडे. मग पुन्हा पट्ट्याकडे.

"म्हणजे तो मशिनीले म्हणत होता?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आसारामांनी अगदी हळू विचारलं, "कोण म्हणत होता, गोपीचंदजी? आणि कधी?"

काकांनी खिशातून रुमाल काढला.

"ताईंनी काल रात्री फोनवर सांगितल्यावर मी कॉलचा तपशील मागवलाय," आसाराम म्हणाले. "येईलच. तोवर ताई, तुम्ही सांगा."

ज्योत्सना उभीच राहिली.

"राजकुमारदादांवर गावाचा संशय होता. पण दादा त्या वाक्याचा अर्थ ओळखतात. गाडी त्यांनी ढकलली असती तर ती 'उडाली' असं ते कधीच म्हणाले नसते. आणि आजी घरी नाही असं समजून ते शेडमध्ये शिरले नसते. या दोन्ही चुका फक्त एकाच माणसाकडून होऊ शकतात. ज्याला बाबांनी त्या सकाळी ते वाक्य सांगितलं, पण जो बाबांची भाषा शिकलाच नाही. तुम्ही वर्षानुवर्षं त्यांना भाग विकले, काका. शेडमध्ये बसून त्यांचं बोलणं कधी ऐकलं नाही.

"बाबांनी बोलावलं, तुम्ही जुन्या रस्त्यावर आलात. त्यांना तुम्हाला काहीतरी दाखवायचं होतं. पुढचं दादांच्या बोलण्यात आहे. नवऱ्यावर भरोसा राहिला नाही. आणि आजीनं साहेबांना सांगितलं, नवरा ढोलीत आहे."

"मी सांगतलं त होतं," आजी म्हणाली. "यायनं पाण्याच्या पट्ट्या ठेवायले सांगतलं."

आसाराम लाल झाले. आजी आत गेली. धानाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातल्याचा सळसळ आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर फडक्यात गुंडाळलेला, मुठीएवढा धातूचा तुकडा होता. एका बाजूनं काळा पडलेला.

राजकुमार पुढं झाला. त्यानं आतलं पातं बोटानं हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"मधली झडप होय," तो म्हणाला. "हे जळलेली हाये. गोलूच्या गाडीतली. मालक तुमसरच्या भंगारातून काहीतरी घेऊन आले होते खरं." त्यानं ती उजेडाकडे धरली. "बाहेरून शिक्का परदेशी हाये. पण आतली पिन पाहा, नकली माल. गरम झाली अन् फुगली. तोंड उघडलंच नाई. सून जोरात, सासूही जोरात, मधात वाट बंद. फुटणारच ना इंजिन."

"मग बाबांनी बगळ्यातली झडप तपासली, काकांकडून त्याच खेपेत आलेली," ज्योत्सना म्हणाली. "तीही अडकली. म्हणून त्यांनी ती काढली, म्हणून पट्टा काढला. आणि काकांना बोलावलं. पोलिसांकडं जायच्या आधी. बरोबर ना?"



"म्हणे, जितक्या गाड्यायत बसवली तितक्यायले जाऊन सांग," गोपीचंदकाका म्हणाले. "नाई त मी सांगतो. मी म्हटलं, नाव जाईन माहं. त म्हणे, पोराचा जीव गेला, तू नावाचं काय सांगून राहिला. माह्या समोर धरत होता ते झडप. मी हिसकली. ढकललं फक्त. डोकं दाराच्या कडेले लागलं. मी मुद्दाम नाई केलं."

"आणि दुसरी झडप घरी आहे हे कसं कळलं?"

"तोच बोलला होता. गोलूची घरी हाये म्हणून."

"म्हणून आधी घरी आलात. घर रिकामं आहे असं समजून. आजीनं हाक मारल्यावर पळालात. आणि मग पुलावर जाऊन बोंब मारलीत."



"ढकललं फक्त, म्हणता," आसाराम म्हणाले. "गाडीत कोणी बसवलं त्यांना? हातब्रेक कोणी सोडला?"

काका खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"डॉक्टरांच्या अहवालात फुप्फुसात पाणी आहे, गोपीचंदजी. ते जिवंत होते."

ज्योत्सनानं तो अहवाल वाचला होता. तरीही ती वळली आणि शेडच्या टिनाकडे बघत राहिली. राजकुमारनं हातातली झडप दगडावर ठेवली आणि पाठमोरा झाला.

पंचनामा अंगणातच झाला. आसाराम खाली मान घालून लिहीत होते. झडपेचं लिहून झालं. पट्टा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला.

"रबरी पट्टा, एक नग. मालक म्हणून कोणाचं नाव टाकू?"

"सासूचा लिवा," आजी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, सुलोचनाबाई.

*

आंबागडला ज्योत्सना एकटीच गेली. शकुनबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. ती उठली नाही, बस म्हणालीही नाही. ज्योत्सनानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झडपेचं, खोट्या शिक्क्याचं, पाण्याचं. शकुनबाईचे हात फुलं पसरत राहिले.



"माह्या पोराची गाडी तुह्या बापानंच बनवली होती ना?"

"हो."

"पोट्टा म्हणे, आई, पाय ठेवला की उचलते. मले बसवून नेलं होतं एकदा, किल्ल्यापर्यंत." तिनं हात झटकले आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "चांगली बनवली होती का?"

"चांगली बनवली होती," ज्योत्सना म्हणाली.

शकुनबाई उठली, आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली.